एका मुठीचा भरवसा

अक्का, तू गेलीस त्याला अजून महिना व्हायचाय आणि शेठ मला विचारतात, "मशीन आता कोण बघणार?" त्यांचंही चुकत नाही म्हणा. दाण्याचे ट्रक काही कुणासाठी थांबत नाहीत. गेटवर येऊन उभे राहतात, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळतो आणि आपल्या लॅबच्या खिडकीकडे बघत बसतो, की बाई कधी एकदा हो म्हणतील आणि मी गाडी रिकामी करून सुटेन. तर मशीन मीच बघते. तुझ्या खुर्चीवर बसत नाही, माझं स्टूल ओढून घेते. खुर्ची तू तुझ्या पाठीला बरी पडेल अशी खालवर करून ठेवली होतीस. ती मला बदलवत नाही आणि तशी ठेवून बसायला जमतही नाही.

आधीच सांगून टाकते, मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. तुझ्यावर रागावल्याशिवाय माझा एक दिवस गेलेला नाही, ती सवय एकदम कशी सुटेल? मैंदर्गीला तुला माती दिली तेव्हा सगळ्या बायका रडत होत्या आणि मी शेताच्या बांधावर उभी राहून मनात तुझ्याशी भांडत होते. दाजींना वाटलं मला चक्कर येतेय. त्यांनी कुणाला तरी पाणी आणायला पाठवलं. तुझा नवरा तुला निरोप द्यायचा सोडून माझ्यासाठी पाणी मागवत होता, आणि मी ते प्यायले.

भांडण कशावरून ते तुला माहीतच आहे. पण मला ते पहिल्यापासून सांगू दे, मधेच तोडू नकोस.

मी चिंचोळीच्या कारखान्यात कामाला लागले तेव्हा नुकती बी.एस्सी. होऊन आलेली, भवानी पेठेतल्या मागावाल्याची पोरगी. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कॉलेजात इंग्रजी, आणि डोक्यात हवा. कारखाना शेंगदाण्याचा, दाणे घ्यायचे, निवडायचे, भाजायचे, कूट करायचं, चटणी करून पाकिटात भरायची. लॅबमध्ये आपण दोघीच. माझ्याकडे जुन्या पद्धतीचं सगळं काम होतं. दाणे दळून भट्टीत वाळवायचे, किती पाणी उडालं ते तोलायचं, मग तेल काढायचं, तेही तोलायचं. सकाळी घेतलेल्या नमुन्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी. आणि तुझ्याकडे ती मशीन, जी एवढ्याशा वेळात तेच सांगून मोकळी व्हायची. मला ते सहनच होत नव्हतं.

"ह्यात दिवा हाय," पहिल्या दिवशी तू मला सांगितलंस. "पण त्याचा उजेड आपल्याला दिसत न्हाय. लाल रंग संपला की त्याच्या पुढं जो उजेड असतो, त्यो. दाण्यावर पडला की पाणी आपल्या वाटणीचा पितं, तेल आपल्या वाटणीचा पितं, उरलेला माघारी येतो. माघारी काय आलं न्हाय ते बगून मशीन सांगते आत काय हाय."

"म्हणजे अंदाज," मी म्हणाले.

"अंदाज न्हाय, ओळख. हिला आदी शेकडो दाणे दावलेत. ह्या दाण्यात पाणी इतकं, ह्याच्यात तेल इतकं, असं सांगून सांगून शिकवलंय. आता नवा दाणा आला की ती वळखते."

"आणि आधीचं इतकं-तितकं कुणी सांगितलं तिला?"

तू हसलीस. "तुझ्यासारख्या भट्टीवाल्या पोरींनी."

पुढं प्रत्येक हंगामाला नवा माल आला की तेच चालायचं. तू कप उजेडात धरायचीस, तोच कप मी भट्टीवर घ्यायचे, माझं उत्तर तुझ्या मशीनला शिकवायचं. आज त्या मशीनला जे काही कळतं त्यात निम्मी मी आहे आणि निम्मी तू. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही. तुला त्याची काही पडलेलीही नव्हती.

सुरुवातीला मी तुला मॅडम म्हणायचे. मॅडमची अक्का झाली ती त्या कर्नाटकातून आलेल्या ट्रकापायी. मी वरच्या पोत्यातनं मूठभर दाणे काढून आणले, भट्टीत वाळवले, उत्तर छान आलं, मी ऐटीत सांगायला आले. तू कपाकडे बघितलंसही नाहीस.

"कुटनं काढलंस?"

"वरच्या थरातनं."

"आन् खालचं कोण बगणार? तुझा आजा?"

मला असा राग आला. मी म्हणाले, मॅडम, एवढं वाटतं तर तू स्वतः जाऊन काढ की. तोंडातनं "तू" निघून गेलं. मी जीभ चावली. तू मात्र उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "आता खरी बोललीस. चल."

तेव्हा आपले हमाल मौलाचाचा चांगले धडधाकट होते. त्यांनी वरची पोती बाजूला केली. तू ती पोकळ सळी पोत्याच्या पोटात खुपसायचीस, दाणे तिच्यातनं घरंगळत ताटात पडायचे. वरचा थर, मधला, खालचा, फळीला टेकलेला. सगळं ताटात मिसळायचं, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे, परत मिसळायचं, परत चार भाग. शेवटी कपभर उरेल ते मशीनला. त्या ट्रकाच्या फळीतनं कुठं तरी पाणी शिरलं होतं. तळाच्या पोत्यांतल्या दाण्यांना हिरवट बुरशी धरलेली. वरचा माल बघून कुणालाही वाटलं नसतं. ट्रक माघारी गेला, ड्रायव्हरने आपल्या दोघींना कानडीत काय काय ऐकवलं, तूही कानडीतच त्याला उत्तर दिलंस, आणि तो एकदम हसत गेला. काय बोललीस ते मला कधी सांगितलं नाहीस.

त्या दिवसापासून तू अक्का. माझ्या आईला आनंद झाला, तिला वाटलं कारखान्यात कुणी तेलुगू बाई भेटली. मी म्हटलं, नाही गं, कानडी आहे. ती म्हणाली, मग काय झालं, अक्का ती अक्काच.

आणि तेव्हापासून तुझे ते तीन शब्द. मी नमुना घेऊन आले की तू आधी ताट बघायचीस, मग माझ्याकडे, आणि म्हणायचीस, "परत काढ की." उन्हात, घामात, जेवणाची सुट्टी झालेली असताना, कंपनीची बस गेटवर हॉर्न वाजवत असताना. परत काढ की. मी किती चिडायचे. आकडे चांगले आलेत ना, मशीन बरोबर सांगतेय ना! तू म्हणायचीस, "मशीन खोटं बोलत न्हाय लता. आपण तिला जी मूठ देऊ, तिच्याबद्दलच ती बोलणार. न दिलेल्या मुठीचं तिनं काय सांगावं?"

शेठना पाकिटावर छापायचं होतं, आधुनिक किरणांनी तपासलेले, पूर्णपणे विषमुक्त. अक्षरं सोनेरी. नमुना छापून आणलासुद्धा होता, तुझ्या टेबलावर ठेवून कौतुकाची वाट बघत उभे होते. तू चष्मा लावून वाचलंस आणि त्यांना म्हणालीस, "शेठ, तपासलंय एवढं छापा. इख न्हाय असं छापू नका. बुरशीचं इख लई बारीक असतंय. हजार दाण्यांत एका दाण्यात बसलेलं असतंय. उजेडाला बुरशीचा संशय येतो, ओल दिसते, पण त्यो एक दाणा कपात आलाच न्हाय तर? आपण जेवढं बगितलं तेवढंच बोलायचं की." शेठ आठवडाभर फुगून होते. पाकिटावर शेवटी "तपासलेले" एवढंच आलं. सोनेरी अक्षरांत.

माझा एकाच गोष्टीला विरोध होता आणि त्यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. ट्रक पास झाला की तू त्या ताटातला एक दाणा उचलून तोंडात टाकायचीस. कच्चा. लॅबमध्ये खायचं नाही हा पहिला नियम, तो तू दुसऱ्यांना शिकवणार आणि स्वतः मोडणार. मी म्हणायचे, अक्का, हे अडाणीपणाचं आहे. तू म्हणायचीस, "आपण न खाता लोकांना खायला घालायचं व्हय?" मी म्हणायचे, पण एका दाण्यावरून तुला कळतं तरी काय, तूच तर सांगतेस! तू चावत चावत म्हणायचीस, "काय कळत न्हाय. कळायला कुठं खातेय मी?" मग कशाला, ह्याचं उत्तर कधी दिलं नाहीस. मला वाटायचं, पुढं कधीतरी कोंडीत पकडून विचारू.

मग तुझं ते पोट दुखणं. तू ओवा खाल्लास, हिंग लावलास, दाजींनी बळंच सोनोग्राफी करवली. लिव्हरवर एक गाठ. लहान आहे म्हणाले. सुई घालून तिचा तुकडा काढायचा आणि बघायचं काय आहे ते. तू मला फोनवर सांगितलंस तेव्हा तुझ्या आवाजात चक्क गंमत होती. "लता, माझं सॅम्पल काढणार हायेत."

"कुठनं काढणार विचार," मी म्हणाले. दोघी हसलो. खरंच हसलो, अक्का.

उत्तर यायचं होतं त्या दिवशी दाजींना ड्यूटी सोडता येईना, म्हणून मी तुझ्याबरोबर आले. त्या खोलीत पंखा कुरकुरत होता. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते, त्यांना मी काही नावं ठेवत नाही. ते म्हणाले, "या तुकड्यात कॅन्सर दिसत नाही." मी तुझा हात घट्ट धरला. मग ते म्हणाले, "पण गाठ लहान आहे. सुई तिच्या बाजूने गेलेली असू शकते. माझ्या मते आपण परत एकदा घेऊ या."

कुणीतरी तुझंच वाक्य तुलाच म्हणून दाखवत होतं. जेवढं बघितलं तेवढंच बोलणारा माणूस आपल्याला पहिल्यांदा भेटला होता. मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तू म्हणशील, बगा, मी हिला जन्मभर हेच सांगतेय.

तू म्हणालीस, "बास आता, डॉक्टर."

बाहेर आलो. मी रिक्षावाल्याला थांबवून ठेवलं आणि तुला म्हणाले, अक्का, परत काढू या. रस्त्यातच तमाशा केला मी. तू काय करतेयस, तुला कळतंय का, दाण्याच्या ट्रकाला तू तीन-तीनदा सळी घालतेस आणि स्वतःला एकदा? रिक्षावाला आरशातनं बघत होता. तू माझं बोलणं संपू दिलंस. मग अगदी हळू म्हणालीस, "एवढी एक मूठ चांगली निघाली, म्हणून मान की. एकदा तरी मान." आणि रिक्षात चढून बसलीस.

दाजींना मी त्याच संध्याकाळी सांगितलं, डॉक्टर परत काढा म्हणतात. त्यांनीही तुला सांगून बघितलं, हात जोडून बघितले. तू ऐकलं नाहीस. तू कुणाचं ऐकतेस?

ते पुढचे महिने किती छान गेले, हे मला आता सांगायला नको वाटतं. तू कामावर आलीस. सगळ्या शेडला पुरतील इतक्या शेंगापोळ्या करून आणल्यास, तूप वेगळ्या डब्यात. मौलाचाचांनी तीन खाल्ल्या आणि चौथी घरी नेली. तू माझ्या लग्नावरून मला छळायला पुन्हा सुरुवात केलीस. आणि एक दिवस म्हणालीस, "हितं बस. मशीन शिक."

मी म्हणाले, तुझं काम तू कर, माझी भट्टी मला पुरे. इतकी वर्षं तू मला त्या मशीनच्या बटणाला हात लावू दिला नव्हतास. कप पुसायलासुद्धा नाही. आता तू माझा हात धरून शिकवायला लागलीस. दिवा म्हातारा झाला की काय दिसतं. कप घट्ट भरला, सैल भरला, तर उत्तर कसं हलतं. मशीनच्या पडद्यावर लाल पट्टी आली तर घाबरायचं नाही. तिचा अर्थ, हा दाणा मला ओळखीचा नाही, आधी शिकवा. तो नमुना बाजूला ठेवायचा, भट्टीवर घ्यायचा, तिला शिकवायचा. मी जांभया देत ऐकत होते.

ह्याचाच मी आता विचार करत बसते. तुला माहीत होतं का? माहीत होतं म्हणूनच शिकवत होतीस का? की आपलं सहज, रजा टाकायची असेल, पोरीला येऊ दे म्हणून? कारण त्याच दिवसांत तू शेठकडे नव्या दिव्याची मागणी केलीस, पुढच्या हंगामाला अक्कलकोटकडचा माल वेगळा शिकवायचा म्हणून नमुन्याच्या बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्यास. मरणार म्हणून माहीत असलेलं माणूस बरण्या धुतं का? मी एकदा अशी बाजू घेते, एकदा तशी. कुठलीच टिकत नाही. तू एका मुठीवर भरवसा ठेवणारी बाई नव्हतीस, हे मला माहीत आहे. आणि तुझ्याच बाबतीत तू ठेवलास की ठेवल्याचं नाटक केलंस, हे मला माहीत नाही.

मग डोळे पिवळे झाले. दुसऱ्यांदा सुई घातली तेव्हा ती बरोबर जागी गेली. गाठ तेव्हा मोठी झाली होती, चुकणार कशी?

हॉस्पिटलात तुझ्या बोटाला तो चिमटा लावलेला असायचा. रक्तातला प्राणवायू मोजायचा. तू पहिल्याच दिवशी बोट वर करून मला दाखवलंस. "वळखलीस का? आपल्याच मशीनची धाकटी बहीण." शेजारच्या खाटेवरच्या मावशींना तू सगळं समजावून सांगितलंस, लाल उजेड आपल्याला दिसतो तो, आणि त्याच्या शेजारी न दिसणारा दुसरा, रक्त कुठला किती पितं त्यावरून आकडा येतो. मावशी म्हणाल्या, बाई, मला तर काय दिसंना. तू म्हणालीस, "मलाबी दिसत न्हाय की मावशी. मी जन्मभर न दिसणाऱ्या उजेडावर पोट भरलंय."

तिथली डाळ आली की तू चमचा वर धरायचीस आणि मला विचारायचीस, सांग, पाणी किती. मी काहीतरी सांगायचे. तू म्हणायचीस, "लई कमी बोललीस. ही डाळ न्हाय, मशीनची पाण्याची टेस्ट करायला दिलीया." मी तिथंच तुला विचारणार होते. रोज मनाशी जुळवून यायचे, अक्का, तेव्हा बास का म्हणालीस? रोज तू काहीतरी बोलून मला हसवायचीस. मग तुझं बोलणंच कमी झालं. मग मी फक्त त्या आकड्याकडे बघत बसायचे. तो आकडा कसा तयार होतो, आतला दिवा कुठला, बोटातलं रक्त त्यातला किती पितं, हे त्या वॉर्डातल्या कुणाहीपेक्षा मला जास्त कळत असेल. आकडा उतरत होता आणि मला सगळं कळत होतं. कळून काय करायचं असतं, ते मला कुणी शिकवलं नाही.

मातीला आलेली एक बाई म्हणालीच. दाण्याच्या बुरशीत बसून बसून झालं असंल, ती बुरशी लिव्हरलाच धरते म्हणं. मी तिच्यावर धावून जाणार होते. पण ती अर्धं खरं बोलत होती. ते विष लिव्हरवरच जातं, हे तूच मला शिकवलंस. आणि इतकी वर्षं प्रत्येक ट्रकाचा एक कच्चा दाणा. डॉक्टरांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही, शंभर कारणं असतात, आता शोधून उपयोग नाही. पुन्हा जेवढं बघितलं तेवढंच बोलले. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. हे मी दाजींना सांगितलेलं नाही, आणि तू त्यांच्या स्वप्नात जाऊन सांगू नकोस.

तू गेल्यावर कामावर आले तेव्हा पहिल्याच कपाला मशीनने लाल पट्टी दाखवली. मी सवयीने ओरडले, "अक्का, लाल आलं!" बाहेर मौलाचाचा पोती मोजत होते, ते मोजायचे थांबले. मग मी तो नमुना बाजूला ठेवला, भट्टीवर घेतला, तिला शिकवला. तू दाखवलं होतंस तसंच. ती शिकली. तुझ्याशिवाय शिकलेला तो तिचा पहिला दाणा, आणि मला त्याचा आनंद झाला की वाईट वाटलं तेच कळेना.

आज बार्शीकडचा ट्रक आला. माल सुरेख दिसत होता. मी स्वतः गेले, पदर खोचला, सळी घेतली. वरचा थर, मधला, खालचा. चार भाग केले, दोन टाकले, परत केले. कप भरला, मशीनने सांगितलं सगळं ठीक. ड्रायव्हर उठून उभा राहिला. मी म्हणाले, परत काढायचं.

दुसऱ्यांदाही ठीक. बुरशीच्या विषाची कागदी पट्टी लावून बघितली, तिच्यातही काही निघालं नाही. मी म्हणाले, परत. खालच्या कोपऱ्यातनं, जिथं फळीला भेग आहे. तिसऱ्यांदाही ठीक. परत. सळी आता मौलाचाचांनी घेतली होती, त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मला थांबताच येईना. मला वाटत होतं ह्या ट्रकात कुठं तरी तो एक दाणा आहेच, मी अजून बरोबर जागी सळी घातली नाही, अजून एकदा घातली तर सापडेल, आणि सापडला तर वेळेत सापडेल. दाण्याचं काय घेऊन बसले होते मी, मला तू सापडायला हवी होतीस. मी अख्खा ट्रक उपसला असता.

चाचा सळी खाली ठेवून म्हणाले, "और कित्ता निकालूं, मॅडम? अक्काबी इत्ता नै निकालती थी."

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हातारे झालेत गं ते. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, की घाम होता.

"बास आता, चाचा," मी म्हणाले. "गाडी आत घ्या."

म्हणाले आणि जागच्या जागी उभी राहिले. तुझेच शब्द, तुझ्याच आवाजात आले, थकलेले. म्हणजे तू थकली होतीस का, अक्का? तेवढंच होतं का? की मी थकले म्हणून मला तसं वाटतंय? विचारायला तू नाहीस, आणि तुला आता परत काढता येत नाही.

ट्रक आत गेला. ताटात थोडे दाणे उरले होते. मी आजूबाजूला बघितलं, लॅबचा नियम मोडायचा म्हणून उगीच, आणि एक उचलून तोंडात टाकला. कच्चा. चावून चावून खाल्ला.

दाणा गोड होता, अक्का. खूप गोड होता. पण एका दाण्यावरून काय कळतं.